यात आपण आहोत

“‘आधी तू झोप,’ बागवाली म्हणाली. ‘मी नाही, तू,’ चालक म्हणाली, आणि तिनं आपल्या... आपल्या बहिणीकडे पाठ फिरवली.”

“थांबा,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

वाचनवाले थांबले. वृद्धनिवासाच्या हॉलमध्ये दर गुरुवारी दुपारच्या चहानंतर तासभर वाचन चाले. निवृत्त ग्रंथपाल असलेले एक गृहस्थ येऊन कादंबरी वाचून दाखवत. अंगानं किरकोळ असावेत. निदान पावलांच्या आवाजावरून तसं वाटे. ऑपरेटरबाईंची दृष्टी काचबिंदूनं गेली होती, त्यामुळे माणसं त्यांना पावलांवरून आणि श्वासावरूनच माहीत. सध्या चाललेली कादंबरी ऑपरेटरबाईंच्याच ट्रंकेतली होती. एक अंतराळयान, त्यात दोनच बायका. प्रवास इतका लांबचा की एका जन्मात पुरा व्हायचा नाही. थंडगार काचपेटीत झोपलं की वय वाढत नाही, पण दोनातली एक पेटी बिघडलेली. आधी एकीनं झोपायचं आणि दुसरीनं जागं राहून, यानाची बाग सांभाळत म्हातारं व्हायचं, मग पाळी बदलायची. आधी झोपायचं कुणी, यावरून दोघींचं भांडण जुंपलं होतं.

“या दोघी बहिणी नाहीत,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

“घ्या!” ड्रायव्हरकाका म्हणाले. त्यांनी उभा जन्म बस चालवली होती, आणि हळू बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. “अहो, पुस्तकात छापलंय ना, बहिणी म्हणून? लिहिणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत?”

“बहिणी अशा भांडत नाहीत.”

“नाही कशा? माझ्या दोघी भांडायला लागल्या की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे.”

“तेच म्हणते मी. बहिणी चार लोकांनी ऐकावं म्हणून भांडतात. या दोघी कुणी ऐकू नये म्हणून भांडतायत. आणि त्या यानात तिसरं माणूस नाही!”

हॉलमध्ये हशा पिकला. हेडबाई तेवढ्या हसल्या नाहीत. एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, आणि अजून असल्यासारख्याच बसत. “वाचू द्या त्यांना,” त्या म्हणाल्या. “शंका शेवटी विचाराव्यात.”

वाचनवाल्यांनी घसा खाकरला आणि पान उलटलं. लगेच आणखी एक उलटलं.

ऑपरेटरबाईंनी मान वर केली.

सबंध नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंगल. “साहेब घरी नाहीत” असं कुणी म्हणालं, तर साहेब शेजारीच उभे आहेत की खरंच बाहेर गेलेत हे त्यांना श्वासावरून कळे. खोटं बोलायच्या आधी माणूस एक बारीकसा श्वास आत ओढतो, अंधारात पायरी चाचपडल्यासारखा. वाचनवाले ‘बहीण’ म्हणायच्या आधी दर वेळी नेमकी तशीच पायरी चाचपडत होते.

आणि ही पायरी ऑपरेटरबाईंच्या पायाखालची होती.

शिट्टी त्यांच्या आयुष्यात आली ती भांडायलाच. मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवायची, गळ्यात शिट्टी, म्हणून सगळं गाव तिला शिट्टी म्हणे. “माझा ट्रंक कॉल मध्येच तोडणारी बाई कोण ती दाखवा!” असं ओरडत ती एक्स्चेंजमध्ये घुसली आणि ऑपरेटरबाईंना पाहून म्हणाली, “आवाजावरून मला वाटलं, म्हातारी असाल.” पुढच्या वर्षी दोघींनी मिळून भाड्याची खोली घेतली. घरमालकानं विचारलं, “तुम्ही एकमेकींच्या कोण?” ऑपरेटरबाईंनी एक बारीकसा श्वास आत ओढला आणि म्हटलं, “मावसबहिणी.”

मग तेच चालू राहिलं. घरं बदलली, शेजारी बदलले, मावसबहिणी कायम. दवाखान्यात मावसबहीण, लग्नकार्याच्या आमंत्रणात ‘आणि मावसबहीण’. शिट्टी चिडायची. “आपल्या त्या मावशीला एकदा भेटायला हवं गं. बिचारीला एवढी मोठी मुलगी, आणि तिलाच पत्ता नाही!” कधी कधी मात्र हसण्यावारी न्यायची नाही. “एकदा तरी खरं सांगून घर सोडू. सोडावं लागलं तर सोडू, मी उचलते सामान.” ऑपरेटरबाई म्हणायच्या, “बघू.” त्यांचं ‘बघू’ संपलंच नाही.

शिट्टीला वेड विज्ञानकथांचं. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून गठ्ठे उचलून आणायची आणि संध्याकाळी मोठ्यानं वाचायची. वाचता वाचता पुस्तक आपटायची. “काय कल्पनाशक्ती आहे बघ यांची! माणसाला तीन हात फुटतात, समुद्र जांभळा होतो, आकाशात दोन दोन सूर्य. पण एका घरात दोन बायका, ते मात्र यांना सुचत नाही!”

“पुढे वाच,” ऑपरेटरबाई म्हणायच्या. “पुढच्या शतकात सुचेल.”

“मी तोवर थांबणार नाही हां.”

नाही थांबली. ऑपरेटरबाईंचे डोळे अधू झाल्यावर दोघी या वृद्धनिवासात आल्या. इथंही मावसबहिणीच, म्हणून तर दोन खाटांची खोली मिळाली. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी शिट्टी आपल्या खाटेवर काहीतरी मनात वाचत होती. मध्येच ती हसली, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

“काय झालं?” ऑपरेटरबाईंनी विचारलं.

“अगं, यात आपण आहोत.”

“आपण म्हणजे?”

“आपण म्हणजे आपण. तू आणि मी. आत्ता सांगत नाही, मजा जाईल. उद्यापासून वाचून दाखवते.”

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवलं, ते परत आणलंच नाही. पुस्तक उशीखाली राहिलं. ऑपरेटरबाईंनी ते ट्रंकेत ठेवलं आणि कित्येक महिन्यांनी धीर करून वाचनवाल्यांच्या हातात दिलं. “हे वाचा,” एवढंच म्हणाल्या.

आणि पुस्तकात निघाल्या दोन बहिणी.

ऑपरेटरबाई रात्रंदिवस एकच गोष्ट चघळत होत्या. शिट्टीला हेच म्हणायचं होतं का? यात आपण आहोत, म्हणजे बहिणी? इतक्या वर्षांचं खोटं ऐकून ऐकून शेवटी तिलाही ते पटलं होतं का? शिट्टीचं जाणं त्यांनी कसंबसं गिळलं होतं. हे गिळता येईना.

म्हणून त्या गुरुवारी वाचन संपल्यावर त्यांनी व्हरांड्यात ती किरकोळ पावलं ओळखली आणि काठी आडवी धरली.

“दोन पानं एकदम उलटलीत तुम्ही.”

“चिकटली होती, बाई.”

“वाचनवाले, चिकटलेली पानं सुटताना चर्र वाजतं. मी आंधळी आहे, बहिरी नाही.”

वाचनवाले खुर्ची ओढून बसले. “मॅनेजरबाईंनी आधी पुस्तक चाळून पाहिलं. म्हणाल्या, ‘तेवढं वगळा, वयस्कर माणसं आहेत.’ पण त्यांच्या नावावर कशाला ढकलू? त्यांनी फक्त वगळा म्हटलं होतं. बहिणी मी केल्या. तो शब्द समोर आला की जीभ टाळ्याला चिकटायची. इतक्या लोकांत मोठ्यानं... मला साधं ‘आभारी आहे’सुद्धा चारचौघांत नीट म्हणता येत नाही हो. घरी एकट्यानं वाचलं तेव्हा मात्र,” ते अडखळले, “चष्मा पुसावा लागला.”

“त्या एकमेकींच्या कोण आहेत?”

“बाई...”

“कोण आहेत?”

“तुम्ही म्हणालात तेच,” वाचनवाले म्हणाले. “बहिणी नाहीत.”

ऑपरेटरबाईंनी काठीवरचे दोन्ही हात घट्ट केले. मग त्या हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत. शिट्टी, मेले, शेवटपर्यंत तुला पटलं नव्हतं तर.

“असं करू,” वाचनवाले घाईनं म्हणाले. “मी तुमच्या खोलीत येऊन सगळं वाचतो. पहिल्यापासून, एक शब्द न गाळता. दार लावून घेऊ, कुणाला त्रास नको.”

ऑपरेटरबाईंना क्षणभर मोह झाला. शिट्टीची खाट, ही खुर्ची, आणि मध्ये ते पुस्तक. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

“दार लावून आम्ही तीस वर्षं काढली,” त्या म्हणाल्या. “आता हॉलमध्येच वाचा.”

“मला नाही जमणार.”

“मलाही कधी जमलं नाही. पुढच्या गुरुवारी दोघं मिळून बघू.” आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण पुन्हा ‘बघू’ म्हणालो. “बघू नाही. वाचायचं,” त्यांनी दुरुस्त केलं.

पुढच्या गुरुवारी वाचनवाले येतील की नाही याची खात्री नव्हती. पण किरकोळ पावलं आली, नेहमीपेक्षा हळू. त्यांच्यामागून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला आणि दाराशी थांबला. मॅनेजरबाई. व्हरांड्यातलं बोलणं कुणीतरी पोचवलं होतं.

“आज आपण,” वाचनवाले म्हणाले आणि थांबले. त्यांनी पानं मागे उलटली. “आज मागचाच भाग पुन्हा वाचणार आहे. मी तो बरोबर वाचला नव्हता.”

“वाचनवाले, दुसरं एखादं हलकंफुलकं पुस्तक घेऊ या का?” मॅनेजरबाई दारातून म्हणाल्या. आवाज गोड होता. “सगळ्यांना रुचेल असं.”

“मला हे रुचतंय,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “यान मध्येच सोडून कुठं जायचं? माझी बससुद्धा मी कधी अशी सोडली नाही.”

वाचनवाल्यांनी श्वास घेतला. पण शब्द आला नाही. सगळा हॉल वाट पाहत राहिला, आणि ते त्याच अंधारातल्या पायरीवर नुसते उभे.

तेव्हा ऑपरेटरबाई उठल्या. काठी खुर्चीला टेकवून ठेवली, कारण हात मोकळे हवे होते, का ते त्यांनाही माहीत नव्हतं.

“त्यांच्याआधी मलाच एक दुरुस्ती करायचीय,” त्या म्हणाल्या. एक्स्चेंजमधला, लांबच्या गावापर्यंत पोचणारा आवाज. “माझ्या खोलीत दुसऱ्या खाटेवर जी होती, ती माझी मावसबहीण नव्हती.”

पंखा फिरत होता, त्याचा आवाज एकदम मोठा झाला.

“बाई, जरा विचार करून बोला,” किल्ल्या दोन पावलं पुढे आल्या. “ती खोली तुम्हाला नात्यावर दिलेली आहे.”

“नात्यावरच दिलीत. नातं तेवढं मी चुकीचं सांगितलं होतं.”

“असं असेल तर मला तुम्हाला सगळ्यांच्या सामायिक दालनात हलवावं लागेल. नियम मी केलेले नाहीत.”

“हलवा. सामान थोडंच आहे.” ‘मी उचलते’ म्हणणारी नव्हती, एवढंच. “पण तास संपल्यावर हलवा. आत्ता वाचन चालू आहे.”

“मग कोण होती ती तुमची?” हेडबाईंचा प्रश्न सुईसारखा आला.

ऑपरेटरबाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर जो शब्द बोलायचा राहिला तो इतका वापरात नव्हता की आयत्या वेळी सापडेना. त्यांनी मान वाचनवाल्यांच्या दिशेला वळवली.

“वाचा, वाचनवाले. त्यात आहे.”

आणि वाचनवाल्यांनी वाचलं. सुरुवातीला आवाज फाटला, मग सापडला.

“‘आधी तू झोप,’ बागवाली म्हणाली. ‘मी नाही, तू,’ चालक म्हणाली, आणि तिनं आपल्या प्रियेकडे पाठ फिरवली. बागवालीनं मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि तिच्या मानेवर ओठ टेकले. ‘ऐक ना. तू उठशील तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. केस पांढरे, हात सुरकुतलेले. ओळखशील ना मला?’ ‘न ओळखून काय करू? यानात दुसरं आहे कोण?’ ‘चेष्टा नको.’ ‘हातांवरून ओळखेन,’ चालक म्हणाली. ‘तुझ्या हातांना मातीचा वास येतो. तो म्हातारा होत नाही.’”

एक खुर्ची जोरात मागे सरकली. हेडबाई. त्यांची ताठ पावलं दारापर्यंत गेली. पुढे व्हरांड्यात मात्र ती वाजली नाहीत. त्या तिथंच उभ्या राहिल्या असाव्यात.

“मी म्हटलं होतं ना,” ड्रायव्हरकाका शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, म्हणजे सगळ्या हॉलला ऐकू गेलं, “या बहिणी नाहीत म्हणून!”

“तुम्ही उलटं म्हणाला होतात,” शेजारी म्हणाला.

“गप्प बसा, ऐकू द्या!”

“वाचू का पुढे?” वाचनवाल्यांनी विचारलं. ते कुणाला विचारत होते कोण जाणे. दाराजवळच्या किल्ल्या वाजल्या नाहीत.

“वाचा,” ऑपरेटरबाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती. इथं आल्यापासून त्या बाजूला शिट्टीच बसायची, आणि ती गेल्यावर तिथं कुणी बसलं नव्हतं. त्यांनी त्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, तळवा वर करून, सगळ्यांदेखत.

मग कान देऊन त्या थांबल्या. वाचनवाल्यांनी पान उलटलं. एकच.