राजाची उडी

महिपतला अर्धा गुण हवा होता. शेवटच्या फेरीतला डाव बरोबरीत सुटला असता तरी ठाणे जिल्ह्याच्या संघात त्याचं नाव लागणार होतं. चार वर्षं ते थोडक्यात हुकत आलेलं. म्हणून तर सत्त्याऐंशी सालच्या त्या रविवारी त्याने मोहन्याहून आबांना, म्हणजे वडिलांना, मुद्दाम नौपाड्याच्या हॉलवर आणलं होतं. बुद्धिबळ त्यांनीच शिकवलेलं, गावी, देवळाच्या ओट्यावर.

समोर होती हेमा, कॉलेजात जाणारी. पोरीने दुसऱ्याच चालीला एक प्यादं मारायला पुढे करून दिलं. किंग्ज गॅम्बिट! बरोबरी हवी असलेल्या माणसाला असला हाणामारीचा डाव नको असतो. पण फुकट ते पौष्टिक. महिपतने प्यादं मारलं, पुढे तिने सोडून दिलेला घोडाही मारला. तेव्हा कुठे त्याला दिसलं की तिचा वजीर, हत्ती आणि उंट, तिघेही त्याच्या राजाशेजारच्या एकाच प्याद्यावर रोखलेले आहेत.

आबा पाठीशीच उभे होते. महिपतला घाम फुटला. त्याने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून बाजूला नेऊन ठेवला. गावच्या खेळात राजाला अशी एक उडी मिळते. स्पर्धेत मिळत नाही.

पंच त्र्यंबकराव लगेच आले. "ही चाल चालत नाही. पण राजाला हात लावलाय, आता राजाच खेळावा लागेल." आणि राजाला जायला एकच घर होतं, अगदी उघड्यावरचं.

"का म्हून?" आबा कडाडले. "राजाला येकडाव घोड्याची चाल असती!"

हॉलभर हशा पिकला. "काका, ही काय चावडी आहे का?" कुणीतरी म्हणालं.

महिपतचे कान तापले. त्याला हसणाऱ्यांचा राग आला, आबांचा आला, आणि स्वतःचा तर सगळ्यांत जास्त. तो उठून उभा राहिला.

"हसायचं काम नाही. वडील आहेत माझे. आमच्याकडे असते तशी चाल. चुकलो मी, ते नाही."

मग खाली बसून त्याने राजा त्या उघड्या घरात सरकवला. अकरा चालींत खेळ खलास.

दोघे स्टेशनकडे निघाले.

"आधी सांगायचंस न्हवं मला," आबा म्हणाले, "हितं राजा उडत न्हाई म्हून."

महिपतने ते आजवर किमान वीस वेळा सांगितलं होतं.

"विसरलोच, आबा," तो म्हणाला.