रंगुबाईची कोरी काच

दुपारच्या आत रंगुबाईचा अर्धा जबडा जाणार होता, आणि अक्षताच्या हातातली काच अजून ओलीच होती.

सत्त्याण्णव साल. पलूसची रंगुबाई गालातला पांढरा चट्टा दाखवायला सांगलीला आली. तुकडा काढून तपासला, तर डॉक्टरांचंच एकमत होईना. कुणी म्हणे कॅन्सर सुरू झालाय, कुणी म्हणे अजून नाही. मग सर्जननी तुकडा सांगलीतल्याच विश्रामबागच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. तिथले प्रमुख धरणेंद्र सर, त्यांनी परदेशातून अँटीबॉडी मागवली होती. कॅन्सरच्या पेशीतलं एक प्रथिन हुडकून तिनं त्याला चिकटायचं, आणि ती चिकटली की तिथं तपकिरी रंग उमटायचा, एवढंच तिचं काम. सरांकडे पीएच.डी. करणाऱ्या अक्षतानं रंगुबाईच्या तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन ती काच रंगवली. ती तपकिरी निघाली. अहवालावर अक्षताचीच सही गेली आणि ऑपरेशन ठरलं.

काल ती सहज भेटायला वॉर्डात गेली. रंगुबाई कॉटवर बसून निवांत मिश्री, भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, दातांना घासत होती.

"आवं मावशी, उद्या ऑपरेशन हाय आनी मिश्री?"

"पोरी, उद्यापास्नं घासायला दात कुठलं? आज घेती घासून," म्हणत रंगुबाई तोंड भरून हसली. हिरड्या, गालाची आतली बाजू, सगळं तपकिरी-काळं.

अक्षता वाकून गालाच्या आत बघायला लागली. काचेवरचा तपकिरी रंग मिश्रीचाच असला तर? मिश्रीनं तोंडातली कातडी रंग धरते हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच! तिची आई रोज मिश्री लावते. पण सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसलं म्हणजे अँटीबॉडीच, असं एकदा डोक्यात बसलं की शिकलेली माणसं दुसरं काही बघतच नाहीत. खात्रीसाठी एक कोरी काच करतात. सगळं तेच करायचं, फक्त अँटीबॉडी घालायची नाही. मग काच तपकिरी व्हायला नको; झाली तर तो रंग अँटीबॉडीचा नव्हेच. ती त्यांनी केलीही होती, पण अक्कलदाढ काढायला आलेल्या कॉलेजच्या पोरांच्या हिरडीवर. ती पोरं कशाला मिश्री घासतायत! काचा स्वच्छ आल्या आणि सगळे खूश झाले.

"सर, रंगुबाईच्याच तुकड्याची कोरी काच करते," आज सकाळी प्रयोगशाळेत आल्या आल्या ती म्हणाली.

धरणेंद्र सरांचा चेहरा पडला. या तपासणीचा शोध ते पुढच्या महिन्यात दिल्लीच्या परिषदेत मांडणार होते. "आणि तीही तपकिरी आली तर? आपलं सगळं काम पाण्यात जाईल, अक्षता."

"नाही केली तर बाईचा जबडा जाईल, सर."

सरांनी स्वतः उठून कपाटातून रंगुबाईच्या तुकड्याचा मेणातला ठोकळा काढून दिला.

घाई करून काही उपयोग नव्हता. प्रत्येक द्रावणात काच बुडवून थांबायचं, धुवायचं, पुन्हा थांबायचं. मध्येच सरांनी ऑपरेशन थिएटरला फोन लावला. नर्स म्हणाली, बाईंना आत घेतायत. हातात पुरावा नसताना थांबवा तरी कसं म्हणणार! तरी अक्षतानं एकही पायरी गाळली नाही.

काच भिंगाखाली सरकवली. अँटीबॉडीचा थेंब नव्हता, आणि तरी काच तपकिरी होती.

अक्षता ती काच घेऊन पळत सुटली. थिएटरच्या दारात तिनं सर्जनना अडवलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं. ते आधी भडकले, मग कपाळाला हात लावून बसले. "आज रद्द. नवा तुकडा काढून मुंबईला पाठवू."

स्ट्रेचरवरून रंगुबाईनं तिचं मनगट धरलं. "म्हंजी मला काय झालं न्हाई?"

व्हय म्हणून टाकावं असं अक्षताला फार वाटलं.

"तसं न्हाई मावशी. आमची तपासणी खोटी निघाली. रोग हाय का न्हाई, आमालाच म्हाईत न्हाई."

रंगुबाईनं मनगट सोडलं.

"कालपतूर म्हाईत हुतं की गं तुमाला," ती म्हणाली. "जबडा दिला तर जगशील म्हनला. मी मनाची तयारी केलती. आता कशाची तयारी करू?"

वॉर्ड येईपर्यंत अक्षता स्ट्रेचरची दांडी धरून चालत राहिली.