गुण्याबाहेरचा शब्द

मित्रांनो, आजवर तुम्ही फाटक्या छत्रीचं ऐकलंत, मोडक्या खुर्चीचं ऐकलंत, बंद पडलेल्या घड्याळाचंही डोळे पुसत ऐकलंत. या मंडळींना खरं म्हणजे तोंडच नाही. मी मात्र जन्मभर लोकांच्या तोंडात राहिलो आणि मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून आज आपणहून सांगतो. मी एक जुना इंग्रजी शब्द आहे. नाव एनॉर्मिटी. घाबरू नका, चावत नाही. पूर्वी चावायचो.

माझं मूळ सुताराच्या पेटीत आहे. काटकोन तपासायला सुताराकडे गुण्या असतो, तो तुम्ही पाहिला असेल. चौकटीच्या कोपऱ्यात टेकवायचा. बसला तर कोपरा सरळ, नाही बसला तर सुतार म्हणतो लाकूड वाकडं. लॅटिन भाषेत या गुण्याला नॉर्मा म्हणत. जे गुण्यात बसत नाही, त्यावरून आमचं घराणं निघालं. म्हणजे मी जन्मतःच वाकडा. फ्रेंचांच्या घरी राहून इंग्रजीत आलो, तेव्हा रीत सोडून केलेल्या कुठल्याही कृत्याला मला चिकटवत. पुढे मला बढती मिळाली. साधा वाकडेपणा इतरांकडे गेला आणि घोर दुष्टपणाचं खातं माझ्याकडे आलं.

तो माझ्या ऐन उमेदीचा काळ. चोऱ्यामाऱ्या, शिवीगाळ असली किरकोळ कामं माझ्याकडे येतच नसत. गावंच्या गावं जाळणारा राजा, झोपलेल्या मामाचा गळा कापणारा भाचा, अशांसाठी मला बोलावणं यायचं. मला उच्चारण्याआधी लोक घसा साफ करत. त्या कामाचा अभिमान होता असं नाही म्हणणार, पण वचक होता. आणि वचकाची सवय लागते हो.

मग घात केला तो माझ्या सख्ख्या भावानं. त्याचं नाव एनॉर्मस. एकेकाळी तोही माझ्याइतकाच बदनाम होता. पण त्यानं हळूच अंग काढून घेतलं आणि नुसता ‘प्रचंड’ होऊन बसला. हत्ती म्हणा, डोंगर म्हणा, कुणाचं पोट म्हणा, तो कशालाही चालतो. आमची चेहरेपट्टी एक. त्यामुळे लोक मलाही तसलीच कामं सांगू लागले. एकदा तर कुणी मला कपाटाच्या आकारासाठी वापरलं. कपाट! राजांची पापं वाहिलेल्या माणसाला कपाट! जुने पंडित लाल पेन्सिल घेऊन मला परत जागेवर बसवत, लोक पुन्हा ओढून नेत. आता नव्या कोशांत माझे दोन अर्थ जावाजावांसारखे नांदतात. घर एक, पण एकमेकींकडे पाठ.

तुम्ही म्हणाल, शब्दच तो, त्यानं कुणाचं काय बिघडतं? मग ऐका.

एका मोठ्या दवाखान्याची लॉन्ड्री होती. तळघरात गरम वाफ, साबणाचा वास आणि चादरींचे ढीग. तिथे सगळा कारभार मोठ्या बाईंचा. दोन बायकांनी चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींपाशी यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. बोटभर जरी फरक पडला, तरी बाई ती घडी हिसका देऊन उलगडत आणि एकच शब्द बोलत: “पुन्हा!” त्यांचं दुसरं व्रत असं, की तळघरात आलेलं एकही गाठोडं त्यांनी स्वतः उघडून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बाई निवृत्त व्हायच्या होत्या. निरोपाला पितळी पाटी द्यायची, ती इंग्रजीतच, आणि तिच्यावरचा शब्द आधीच्या पाटीपेक्षा भारी हवा, अशी त्या लॉन्ड्रीची रीतच होती. बॉयलरवाल्या मामांच्या पाटीनं आधीच कळस गाठला होता. त्याहून भारी शब्द शोधायचं काम स्टोअरवाल्या भाऊंकडे आलं. त्यांनी टीव्हीवरच्या कुठल्याशा भाषणात मला ऐकलं आणि तिथेच पकडलं. “तुमच्या सेवेच्या प्रचंडपणापुढे आम्ही नतमस्तक आहोत” असं त्यांना म्हणायचं होतं. त्या ‘प्रचंडपणा’च्या जागी मी पितळेवर कोरला गेलो.

पाटी समारंभाच्या आदल्या दिवशी आली. भाऊंनी ती चादरीत गुंडाळून ढिगाखाली लपवली. आता सांगा, गाठोडी उघडणं हे जिचं व्रत, तिच्यापासून गाठोड्यात काय लपणार? बाईंनी पाटी वाचली. मी त्यांना अनोळखी होतो. त्यांनी मला ओठांतल्या ओठांत घोळवलं, चादर होती तशी गुंडाळली आणि घरी जाऊन नवऱ्याच्या शाळेतला, कव्हर गेलेला शब्दकोश काढला. तो इतका जुना, की त्यात माझा एकच अर्थ होता.

“वन्सं,” बाई नणंदेला म्हणाल्या, “त्यांनी माझ्या दुष्टपणापुढे हात टेकलेत.”

नणंद मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही. “मग? जन्मभर त्यांच्या डोक्यावर बसलीस, त्यांनी एक शब्द लिहिला तर काय बिघडलं?”

“अहो, पण पितळेवर कोरून कुणी शिवी देतं का?”

“मनापासून द्यायची असेल तर पितळेवरच देतात. कागदावरची टिकते कुठे?”

बाई हसल्या नाहीत. आपण वाईट होतो का, हे माणूस सहसा स्वतःला विचारत नाही, आणि विचारलं तर उत्तर लगेच मिळतं. त्यांना लॉन्ड्रीतली कामवाली आठवली, जिला सगळे ‘धाकटी मावशी’ म्हणत. कामाला नवी असताना एकाच चादरीची घडी पुन्हा पुन्हा घालायला लावून बाईंनी तिला रडवलं होतं. तिच्या डोळ्यांतलं पाणी चादरीवर टपकलं, तर म्हणाल्या होत्या, “आता ही परत धुवायची.”

“मी उद्या जात नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि लॉन्ड्रीच्या चाव्या?”

झालं. चाव्या दुसऱ्याच्या हाती पाठवणं बाईंच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या, पिशवीत तो शब्दकोश घेऊन. भाऊ पाटी हातात धरून भाषणाला उभे राहिले, तोच बाईंनी विचारलं, “भाऊ, माझा दुष्टपणा कुणी मोजला?”

“दुष्टपणा? बाई, मोठेपणा! मोठेपणा लिहिलाय!”

बाईंनी कोश उघडून पुढे धरला. भाऊंनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा नीळ घातलेल्या कपड्यासारखा झाला. घाईनं फोन काढून त्यांनी त्यात शोधलं. “हे बघा, यात मोठेपणासुद्धा आहे. पण... आधी ते आहे.” बॉयलरवाले मामा पेन्शनीत असूनही समारंभाला आले होते. ते मागून म्हणाले, “माझ्या पाटीवर काय लिहिलंय रे? घरी जाऊन बघतोच!”

कुणाला हसावं कळेना. मी पितळेवर बसल्या बसल्या वितळायला तयार होतो. तेवढ्यात धाकटी मावशी पुढे आली. आता ती धाकटी राहिली नव्हती, केस पिकले होते.

“बाई, खोटं कशाला बोलू? दुष्ट होताच तुम्ही.”

“अगं ए!” भाऊ ओरडले.

“थांबा हो भाऊ. मी घरी जाऊन रोज शिव्या द्यायचे. मग माझी आई वरच्या वॉर्डात पडून होती. कूस बदलता येत नव्हती तिला. तिच्या अंगाखाली हात घालून बघितलं मी. चादरीला एक सुरकुती नव्हती, बाई. शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही तिच्या. त्या दिवशी कळलं मला, तुम्ही ‘पुन्हा’ कुणासाठी म्हणायचात.” तिनं नाक पदराला पुसलं. “म्हणून म्हणते, दोन्ही अर्थ राहू देत. शब्द बरोबर आहे.”

 बाईंनी पाटीवरून उतरलेली चादर उचलली. भाऊंनी ती कशीतरी गोळा करून ठेवली होती. बाईंनी हिसका देऊन ती उलगडली.

“ही घडी कुणी घातली? पुन्हा!”

आणि आजवर कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. एक टोक मावशीकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोघींनी चादर ताणली, चालत एकमेकींपाशी आल्या, कोपऱ्याला कोपरा लावला. आता फक्त दोघींचे हात चादरीत होते, पण कुणीच सोडायची घाई केली नाही. मग त्यांनी त्या घडीत मला गुंडाळलं. मित्रांनो, मी गुण्याबाहेर जन्मलेला शब्द. काटकोनात पहिल्यांदा बसलो तो त्या दिवशी.

सध्या मी बाईंच्या घरी भिंतीवर असतो. आल्यागेल्याला नणंदबाई माझा जुना अर्थ तेवढा सांगतात, नवा विचारल्याशिवाय सांगत नाहीत. बाई दर रविवारी मला पुसतात, अगदी अक्षरांच्या खाचेत बोट घालून. तुम्हीही जरा तेवढं करा. भारी दिसला म्हणून शब्द उचलून कुणाच्या गळ्यात घालू नका. आधी उलगडून बघा, आत काय गुंडाळलंय ते. आणि घडी चुकली तर लाजू नका. दुसरं टोक धरायला कुणाला तरी हाक मारा, आणि पुन्हा घाला.