शालिकराम पावशीवर बसला तेव्हा

मित्रांनो, राज्याच्या सीमेपलीकडे, आमच्या बालाघाट जिल्ह्यात मला पावशी म्हणतात. तुमच्याकडे विळी म्हणत असतील. लाकडाच्या पाटावर उभं केलेलं वाकडं पातं, एवढाच माझा देह. आता मी म्हातारी झाले आहे. पात्याची रुंदी झिजून निम्म्यावर आली आहे आणि पाटाला एक चीर गेली आहे. तरी माझी हकिगत सांगण्यासारखी आहे, म्हणून सांगते.

किरनापूरच्या एका लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानीचा पोलादी पट्टा तापवून माझं पातं घडवलं. पाट बीजा झाडाच्या टणक लाकडाचा. राजेगावच्या महागूने मला बाजारातून निवडून घेतलं. त्याची लेक अनुसया लग्न होऊन भरवेलीला निघाली होती. तिच्या सामानात, पाणी भरायच्या पितळी गुंडाच्या शेजारी, जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याने मला ठेवलं. "हात सांभाळून चिरजो माय," एवढंच तो लेकीला म्हणाला.

अनुसयाचा नवरा शालिकराम मॅंगनीजच्या खाणीत कामाला होता. सकाळी तो सायकलवर निघायचा, आणि त्याआधी अनुसया माझ्यासमोर बसलेली असायची. वांगी, भेंडी, उन्हाळ्यात वाळवायला कैऱ्यांच्या फोडी, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, जे येईल ते मी चिरलं. त्यांच्या मुलाच्या, राजेंद्रच्या, बारशाला खाणीच्या कॉलनीतल्या बाया आपापल्या पावश्या घेऊन आल्या होत्या. त्यात माझी धार सगळ्यांत चांगली, असं शेजारच्या शीलाबाईने सगळ्यांसमोर म्हटलं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

शालिकराम मात्र माझ्या वाटेला कधी आला नाही. तरुणपणी सायकलच्या चेनीत सापडून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली होती. पण खरं कारण ते नव्हतं. पावशीवर बाईमाणसाने बसायचं, असं तो समजून होता आणि घरातलं कोणी त्याला वेगळं सांगितलंही नाही.

पुढे त्यांनी भरवेलीतच तीन खोल्यांचं घर बांधलं. स्वयंपाकघरात उभ्याने काम करायचा ओटा आला. अनुसयाचे गुडघे दुखू लागले होते, तिला खाली बसवेना. राजेंद्रने नागपूरहून सुरी आणि भाजी चिरायची प्लास्टिकची पाटी आणून दिली. मी माळ्यावर गेले. जुनी चाळणी, फुटकी कढई आणि मी. सात वर्षं मी तिथून खालच्या आवाजांवरून घर ओळखत होते. पात्यावर गंज चढला. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण अनुसयाचे गुडघेही खोटे नव्हते.

यंदाच्या एप्रिलमध्ये अनुसया अंगणातल्या ओल्या फरशीवर घसरली. उजवं मनगट मोडलं. बालाघाटच्या डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं आणि पोटभर खायला सांगितलं.

शालिकराम दोन वर्षांपूर्वी कामावरून निवृत्त झाला होता. आता स्वयंपाक त्याच्याकडे आला. पहिल्या दिवशी खिचडी खाली लागली. दुसऱ्या दिवशी बेसनात गुठळ्या झाल्या. अनुसया खाटेवरून सांगायची, तो करायचा, आणि ताट समोर आलं की ती दोन घास खाऊन म्हणायची, "झालं जी. पोट भरलं."

आठ दिवसांत तिची चोळी ढिली झाली. कॉलनीतली जुनी शेजारीण शीलाबाई एकदा डबा घेऊन आली, तोही तसाच परत गेला. राजेंद्रचा नागपूरहून फोन आला. तो लहानपणापासून हिंदीच बोलतो.

"बाबूजी, ऐसे नहीं चलेगा. मैं अगले संडे गाड़ी लेकर आ रहा हूँ. दोनों नागपुर चलो, घर को ताला लगा देंगे."

शालिकराम "देखते हैं" म्हणाला. फोन ठेवल्यावर अनुसया भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी नाही येत. एकदा ताला लागला का घर आपलं राहत नाही."

"मंग खात काहून नाहीस?"

ती म्हणाली, "वरणभात काही चमच्यानं खात नाही कोणी. डाव्या हातानं कालवू का? लाज वाटते मले. अन् तुमी भरवाल तर त्याहून जास्त."

आठ दिवस शालिकरामला वाटत होतं की आपला स्वयंपाक वाईट आहे. तो होताच, पण अडलं होतं ते भलत्याच जागी. दुपारी तो ओट्याशी आला, मोबाईल तोंडाजवळ धरला आणि मोठ्याने म्हणाला, "गर्मी में चम्मच से खाने वाली चीज बताओ."

मोबाईलने त्याला सलाद दाखवलं. काचेचं मोठं भांडं, बारीक चिरलेल्या भाज्या, आणि त्यात खोचलेला चमचा.

चिरायचं कसं, हा खरा प्रश्न होता. डाव्या हाताची आखडलेली बोटं काकडी धरू शकत नव्हती. काकडी पाटीवरून निसटली, सुरी अंगठ्याला लागली. रक्त आलं. त्याने अंगठा फडक्याने बांधला, जरा वेळ सुरीकडे पाहिलं आणि मग माळ्याखाली स्टूल लावलं.

मी चिंचेने आणि राखेने घासली गेले. मागच्या दारच्या दगडावर माझ्या पात्याला धार लागली. त्याने मला स्वयंपाकघराच्या दारात, खाटेवरून दिसेल असं जमिनीवर मांडलं आणि बासष्टाव्या वर्षी तो पहिल्यांदा माझ्यासमोर बसला.

"हे काय करून राह्यले?" खाटेवरून आवाज आला.

"बसून राह्यलो पावशीवर."

"पाटावर उजवा पाय ठेवा. तो नाही, उजवा. अन् भाजी पात्यावर ढकला, पातं काही तुमच्याकडे येणार नाही."

मित्रांनो, माझं एक बरं आहे. मला पायाने दाबलं की दोन्ही हात मोकळे राहतात. आखडलेल्या बोटांनी पकडता येत नसेल, तर तळव्याने ढकलता येतं. पहिल्या फोडी जाड, तिरक्या निघाल्या. पण हात पुन्हा कापला नाही.

पहिलं सलाद फसलं. त्याने मीठ आधीच घातलं, त्यामुळे काकडी-टमाटरला पाणी सुटून भांड्यात तळं झालं. दुसऱ्या दिवशी काकडी कडू निघाली. "चाखून तर पाहायची होती जी," अनुसया म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्याने कैरीही घातली आणि वर लिंबूही पिळलं. एक चमचा तोंडात घालताच अनुसयाने डोळे मिटून घेतले. तरी तिने चार चमचे खाल्ले. डाव्या हाताने, पण चमच्याने, आणि त्याच्याकडे न बघता.

चौथ्या दिवशी तो बाजारातून टरबूज घेऊन आला.

"टरबूज अन् कांदा? येडे झाले का?"

"मोबाईलवर आहे तसं."

अनुसया खाटेवरून उठून हळूहळू आत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पडल्यापासून ती पहिल्यांदाच स्वयंपाकघरात आली होती. "मंग थोडी जवस भाजा," ती म्हणाली. "कुटून वरून टाका. नाहीतर पांचट लागल. अन् मीठ अगदी शेवटी."

टरबुजाच्या फोडी, काकडी, बारीक कांदा, कैरीचा कीस, भिजवलेले मूग, पुदिना, वरून जवसाचं कूट आणि काळं मीठ. बाहेर ऊन इतकं होतं की अंगणातल्या नळाचं पाणी हाताला चटका देत होतं. अनुसयाने तिथंच, उभ्याउभ्या, अख्खी वाटी संपवली. वाटी पुढे करून ती म्हणाली, "अजून आहे का?"

शालिकरामने वाटी भरून दिली आणि पाठ फिरवून उगाच माझं पातं पुसू लागला. पातं आधीच कोरडं होतं.

रविवारी राजेंद्र आणि त्याची बायको दीप्ती गाडी घेऊन आले. दीप्तीने मोकळ्या बॅगाही आणल्या होत्या. जेवणात भात, वरण आणि ते सलाद होतं. माझ्यासमोर बसलेल्या बापाला पाहून राजेंद्र दारातच थांबला.

"बाबूजी, आप?"

"हौ. हात धुऊन ये. कांदा झाला का वाढतो."

जेवताना राजेंद्र आईकडेच पाहत होता. ती डाव्या हातात चमचा धरून सलाद खात होती, आणि बोलताबोलता दुसऱ्यांदा तिने स्वतःच वाढून घेतलं. दीप्तीने विचारलं, "मम्मी, इसमें ये भुना-भुना क्या है?" अनुसयाने जवस कशी भाजायची ते तिला सविस्तर सांगितलं. घराला ताला लावण्याचा विषय राजेंद्रने काढलाच नाही. संध्याकाळी निघताना दीप्तीच्या एका बॅगेत जवस आणि कैऱ्या होत्या. बाकीच्या बॅगा रिकाम्याच परत गेल्या. गाडीत बसण्याआधी राजेंद्र बापाला म्हणाला, "प्लास्टर कटेगा तब आऊँगा. अस्पताल मैं ले जाऊँगा." एवढंच.

जूनमध्ये प्लास्टर निघालं. अनुसयाचं मनगट अजून पूर्ण वळत नाही, पण पोळ्या तीच करते. चिरायचं काम शालिकरामकडेच राहिलं आहे. त्याच्या फोडी अजूनही एकसारख्या होत नाहीत. अनुसया रोज तसं सांगते आणि रोज खाते. आता बीट उकडून काय करता येईल, यावर दोघांचा वाद चालू आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल तर कैरी-लिंबू चिरल्यावर तिचं पातं धुऊन कोरडं करा. आंबटाने आम्हाला रात्रीतून गंज चढतो. लहान असाल तर मोठं माणूस जवळ असल्याशिवाय तिला हात लावू नका. आणि तुमच्या घरात तिच्यासमोर रोज एकच माणूस बसत असेल, तर त्याचा हात मोडायची वाट पाहू नका. शेजारी बसा आणि शिकून घ्या.