उलटा टांगलेला कोट

मी एक जुना कोट आहे. रंग बाटलीसारखा हिरवा, कापड लोकरीचे, कोपरांवर झिजलेले. मित्रांनो, रस्त्यात मी दिसलो असतो तर तुम्ही माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. यात तुमची काही चूक नाही. माझे जे काही आहे ते सगळे आतल्या बाजूला आहे, आणि स्वतःहून उलटे होऊन दाखवणे कोटाला जमत नाही.

जिने मला शिवले तिला कारखान्यात सगळे 'कॉलरवाली' म्हणत. शर्टांच्या त्या कारखान्यात प्रत्येकीला एकच काम असे. कोणी बाह्या जोडी, कोणी काजे करी. माझी बाई कॉलर शिवी. बावीस वर्षे तिने फक्त कॉलर शिवली. अख्खा शर्ट तिच्या हाती कधी आलाच नाही. शेजारच्या मशीनवर तिची मैत्रीण बसे. ती बटणवाली. ती म्हणायची, "आपण दोघींनी मिळून एखाद्याला कपडे करायचे ठरवले, तर बिचारा गळ्याला कॉलर आणि हातात बटणं घेऊन घरी जाईल!"

एकदा माझ्या बाईच्या मनाने घेतले की पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एक तरी कपडा आपल्या हातचा हवा. ती सलग तीन रविवार कापडाच्या दुकानात गेली आणि एकाच हिरव्या ताग्यावरून हात फिरवून परत आली. चौथ्या रविवारी दुकानदार म्हणाला, "बाई, घेऊन टाका आता. या कापडाला तुमच्या हाताची सवय झाली आहे. दुसऱ्या कोणाकडे ते राहायचं नाही."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला बेतले. तिची लेक तेव्हा आठ वर्षांची होती. ती टाचण्यांची डबी धरून उभी होती, आणि कात्री कापडाला लागण्याआधी तिने विचारले, "आई, चुकलं तर?"

"चुकलं तर तो तुझ्या मापाचा कोट होईल," आई म्हणाली आणि तिने कात्री चालवली.

ती चुकली नाही. बाराव्या दिवशी मी तयार झालो. आत साधे फिकट पिवळे अस्तर होते, आणि ते तसेच राहिले असते. पण मला घालून ती पहिल्यांदा बाहेर पडली तेव्हा बसथांब्यावर वाऱ्याने एका गृहस्थांची छत्री उलटी केली. ते गृहस्थ छत्रीवर असे खेकसले की जणू ती त्यांची धाकटी बहीण होती. घरी आल्यावर बाईला चहा पितानाही हसू आवरेना. तिने डबीतले उरलेले दोरे काढले आणि माझ्या अस्तरावर डाव्या खिशाजवळ बोटभर जागेत ती उलटी छत्री भरली.

मग तिला नादच लागला. दिवसभरात जे नजरेत भरे ते संध्याकाळी अस्तरावर येई. शेजारणीची मोडक्या तोटीची किटली. बसच्या काचेवर दाबलेले एक चपटे नाक. जिन्यावर ऊन खात बसलेले मांजर. ज्याच्यावर तिचा राग असे त्यालाही जागा मिळे. कारखान्याच्या मुकादमाच्या मिशा माझ्या उजव्या बगलेखाली आहेत, डावे टोक वर आणि उजवे खाली, अगदी होत्या तशा.

लेक एकदा म्हणाली, "आई, आत कशाला काढतेस? बाहेर काढ ना. सगळे बघतील."

"बाहेरचं सगळं कॉलरीत गेलं," आई म्हणाली. "आतलं माझं."

माझे कौतुक झाले ते एकदाच. लेकीच्या शाळेत पालकांची सभा होती. खोलीत उकडत होते म्हणून बाईने मला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकले आणि माझी आतली बाजू वर आली. चित्रकला शिकवणाऱ्या बाई जवळून जाता जाता थांबल्या. त्यांनी खाली वाकून एकेक चित्र पाहिले.

"हे तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकले कुठे हो! रोज बसची वाट बघते. बस काही येत नाही, म्हणून बाकीचं बघत बसते."

"मी मुलांना हेच सांगून थकते," शिक्षिका म्हणाल्या. कोटाला ऊर असतो की नाही मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी घरी जाताना माझी बटणे ताणली गेली होती, एवढे खरे.

वर्षे गेली. लेक मोठी होऊन दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करू लागली. अस्तरावर जागा कमी उरली, तशी चित्रे लहान होत गेली.

मग ती सकाळ आली. बाई मला अंगात घालत होती. डावा हात बाहीत गेला. उजवा हात उचललाच गेला नाही. तिने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले, लेकीला हाक मारायला तोंड उघडले, आणि तोंडातून शब्दाऐवजी नुसता आवाज आला. ती दाराला धरून खाली बसली. मी तिच्या अर्ध्या अंगावर होतो. तिला धरून ठेवण्यासाठी माझ्याजवळ दोन बाह्या होत्या, आणि दोन्ही कुचकामी होत्या.

ती वाचली, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उरला तो एकच उच्चार, "हा." हो म्हणायचे असले तरी हा, नको म्हणायचे असले तरी हा. खोलीत तिची खुर्ची आणि दारामागच्या खुंटीला मी. दोघांना खूप काही ठाऊक, आणि दोघांनाही ते सांगता येत नव्हते.

दोन वर्षांनी जिने चढणे जमेना म्हणून लेकीने तळमजल्यावर घर घेतले. सामान बांधताना ती फार दमली होती. खुंटीवरून मला काढताना तिने माझ्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. 'देऊन टाकायचे' म्हणून बाजूला ठेवलेल्या पिशवीत तिने मला कोंबले. खुर्चीतून बाईने ते पाहिले.

"हा! हा!" ती डावा हात खुर्चीवर आपटू लागली.

"पाणी हवंय? देते हं, आई."

"हा! हा! हा!"

लेकीने पाणी पाजले, हनुवटी पुसली आणि पिशवीची गाठ मारली. ती गाठ बाहेरून होती, मित्रांनो. आतून मी काय करणार होतो?

जुन्या कपड्यांच्या दुकानात मी तीन महिने दाटीवाटीत लोंबकळलो. मग एक तरुण बाई आली. जुने कपडे दुरुस्त करणे हाच तिचा व्यवसाय होता, म्हणून तिला सगळे रफूवाली म्हणत. अस्तर फाटले आहे का हे चाचपायला तिने आत हात घातला आणि तिची बोटे थबकली. तिने मला तिथेच उलटे केले आणि ती जमिनीवर मांडी घालून बसली.

तिच्या कार्यशाळेत मला मान मिळाला. माझे एकेक चित्र तिने वहीत उतरवून घेतले. शिवण शिकायला येणाऱ्यांना ती सांगे, "नक्षीचं पुस्तक आणू नका. येताना वाटेत काय दिसलं ते आणा." एक बसचालक फाटका खिसा शिवून घ्यायला आला होता, तो शिकायलाच बसला आणि त्याने पहिल्यांदा बसच्या काचेवरचा पाणी पुसणारा दांडा भरला. सगळे माझ्यावरून बोटे फिरवत आणि विचारत, "कोणी केलं असेल हे?"

मला ठाऊक होते. तिचे घर, तिची खुर्ची, तिचा चहाचा कप, सगळे ठाऊक होते. पण कोटाच्या ठाऊक असण्याला कोण विचारतो!

रफूवालीने मला उलटा करून दर्शनी खिडकीत टांगले आणि शेजारी चिठ्ठी लावली: 'हे कोणी शिवलं, माहीत असल्यास कृपया आत या.' दोन हिवाळे ती वाचून कोणी आत आले नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन खिडकीपुढून गेली, पुन्हा मागे आली, आणि काचेला नाक लावून भर रस्त्यात खो खो हसू लागली. ती बटणवाली होती.

"अगं बाई, हा तर आमचा मुकादम!" ती दार ढकलून आत येत म्हणाली. "या मिशा मी मसणातसुद्धा ओळखीन. आणि हा टाका आमच्या कॉलरवालीचा. बाहेर काढा त्याला. कोणाचा आहे ते मी सांगते."

दुसऱ्याच दिवशी ती माझ्या बाईच्या लेकीला घेऊन आली. लेकीने वाकून मुकादमाच्या मिशांवर बोट ठेवले. मग ती रफूवालीला म्हणाली, "हा बघितला की ती सकाळ डोळ्यांपुढे यायची. म्हणून मी बघायचंच बंद केलं होतं. आत काय आहे तेही विसरले. आई ओरडत होती, आणि मी तिला पाणी पाजत होते."

रफूवालीने मला खिडकीतून काढून तिच्या हातांवर ठेवले. "घेऊन जा. माझ्याजवळ वहीत सगळं आहे. पण यातलं काय कशाचं आहे, तेवढं त्यांना विचारा."

"तिला बोलता येत नाही," लेक म्हणाली.

रफूवालीने तरीही एक कोरी वही माझ्या घडीवर ठेवली.

आता मी माझ्या बाईच्या मांडीवर असतो. संध्याकाळी लेक कामावरून आली की वही घेऊन शेजारी बसते. "आई, ही किटली शेजारच्या काकूंची ना?" "हा." लेक लिहून घेते. "आणि हे मांजर आपल्या जिन्यावरचं?" "हा!" त्या 'हा'मधला होकार कोणता आणि नकार कोणता, हे तिला हळूहळू कळू लागले आहे. पण सगळे नाही.

काल तिने गळ्याजवळच्या एका लहान बुटावर बोट ठेवले. "हा कोणाचा, आई? तुझा लहानपणचा?"

बाई "हा, हा" करत राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने डावा हात लेकीच्या गालावर ठेवला. लेकीने वहीत लिहिले, 'बहुधा आईचा लहानपणचा बूट.'

चूक. साफ चूक. सोळा वर्षांची असताना ही लेक आईशी भांडली होती. "तुझ्यासारखी जन्मभर सुई धरून बसणार नाही मी!" असे म्हणून ती घराबाहेर पडली आणि दिवसभर मैत्रिणीकडे राहिली. आई दाराशी बसून होती. संध्याकाळी लेक परतली तेव्हा आई रागावली नाही. तिने एवढेच पाहिले, की दारातल्या बुटाचे टोक घराच्या आत वळलेले आहे. तोच तो बूट. हे मी त्या दोघींच्या मध्ये पडून ओरडून सांगत होतो, आणि दोघींपैकी एकीलाही ऐकू येत नव्हते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी काहीतरी हाताने केले असेल. विणलेले, शिवलेले, कोरलेले. ते टाकण्याआधी एकदा उलटे करून बघा, आणि करणाऱ्याजवळ जाऊन बसा. आम्हा वस्तूंना सगळे ठाऊक असते, पण आम्हाला विचारून उपयोग नाही. ज्यांना बोलता येते त्यांना विचारा, बोलता येते आहे तोवर.