टकलावरचा घाम

"पोस्टमनदादा, टोपी काढा आणि इथे बसा," माईंनी फर्मावले.

पोस्टमन नुसता एका पाकिटावर सही घ्यायला आला होता. त्याने बिचकत टोपी काढली. आतून निघालेले गुळगुळीत टक्कल पाहून माईंचा चेहरा उजळला. त्याला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवून त्यांनी चमचाभर ओला चुरा त्याच्यापुढे धरला. दूध घट्ट थिजले, ते कापले, पाणी निथळले आणि मीठ-मिरची मिसळली, की चीज साच्यात जायच्या आधी असे चुऱ्याच्या रूपात असते. तर काय, चमचा ओठांपर्यंत पोचायच्या आतच त्या टकलावर टपोरे थेंब उभे राहिले.

"अहो, आधी खा तरी!"

"माई, मागच्या खेपेचं तुमचं चीज खाऊन आमच्या साहेबांनी रजा टाकली," तो काकुळतीला आला. "मला नुसत्या आठवणीनेच घाम फुटतो. सही करता का?"

माईंनी सही केली. पाकिटावर मिरचीचा लाल अंगठा उमटला, तेवढा घेऊन तो पसार झाला.

सुनेने हसू लपवायला पातेल्यात डोके घातले. खुर्चीत हाताची घडी घालून बसलेल्या नणंदबाईंनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"वहिनी, गल्लीतली सगळी टकलं संपली. आता साचा बांधून द्या."

साचा लाकडी होता, सासूबाईंच्या सासूबाईंच्या वेळचा. माईंचे यजमान काटेवाले जाऊन वर्ष होत आले होते आणि तेव्हापासून माईंच्या चीजचा ताळतंत्र सुटला होता. एक गोळा भिजल्या खडूसारखा मिळमिळीत, तर पुढचा साहेबांना आडवे करणारा. आजचे बिघडले, तर साचा नणंदेच्या घरी जाणार, असे ठरले होते.

त्या गावात नदीच्या अलीकडे चीजमध्ये मिरची घालत, पलीकडे घालत नसत. अलीकडचे म्हणत, पलीकडचे चीज म्हणजे उशीतला कापूस. पलीकडचे म्हणत, नासलेले दूध खपवायला यांना मिरची लागते. अलीकडे घराघराचे तिखट वेगळे. एक तुकडा जिभेवर ठेवून म्हातारी माणसे सांगत, हे अमक्यांकडचे, आणि यंदा सुनेने केलेले दिसते. नवा गोळा कापला की सगळे गरम पावाबरोबर पहिला तुकडा खात, आणि जो आधी पाणी मागेल त्याने त्या दिवसाची भांडी घासायची.

माई पलीकडच्या. लग्नानंतर त्यांनी इतकी भांडी घासली, की शेवटी तुकडा तोंडाशी नेऊन हळूच रुमालात टाकायची कला त्यांना साधली. अलीकडचे सगळ्यात नावाजलेले चीज वर्षानुवर्षे करणाऱ्या बाईने ते कधी गिळलेच नव्हते. हे फक्त काटेवाल्यांना ठाऊक होते.

काटेवाले बाजारातले वजनकाटे दुरुस्त करायचे. बोलणे बेताचे. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी चुरा चाखून "छान झालंय" म्हटले, तेव्हा माई रडायला लागल्या होत्या. "पलीकडची म्हणून समजूत घालताय माझी!" त्यानंतर ते पुन्हा छान म्हणून म्हणाले नाहीत. पण पुढच्याच खेपेला त्यांच्या अकाली पडलेल्या टकलावर घाम आला, आणि माईंना माप सापडले. कोरडे टक्कल, आणखी एक चिमूट मिरची. घामाची धार कानापर्यंत आली, की भर साच्यात.

"वन्सं, त्यांच्या डोक्यासारखं डोकं मिळत नाही हो," माई म्हणाल्या.

"वहिनी, एक विचारू? दादाला तिखटाचा घाम कधीपासून यायला लागला? तो लहानपणी मिरच्या काकडीसारख्या कचाकचा खायचा. आईने बदडलं तरी त्याच्या डोक्याला ओल यायची नाही."

"मग मी इतकी वर्षं काय पाहिलं? दव?"

सून हातातले फडके घेऊन वाकली होती. ती तशीच थांबली. "माई, या फरशीवर स्टुलाचे ओरखडे आहेत. खिडकीपासून पार शेगडीपर्यंत."

माई ओरखड्यांकडे बघत राहिल्या. चमचा चाटूनपुसून ठेवणारे, मग "इथे उजेड डोळ्यांवर येतो" असे पुटपुटत स्टूल ओढत नेणारे काटेवाले त्यांना दिसले. नेहमी शेगडीकडेच. कधी ओढायचे, कधी नाही; ओढले, त्याच दिवशी घाम.

"शेगडीचा घाम!" नणंदबाई हसता हसता ठसकल्या. "'छान झालंय' एवढं म्हणायला याची जीभ झिजत होती?"

"म्हणाले होते एकदा," माई म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

नणंदबाईंचे हसू विरले. "म्हणजे माप त्याच्या जिभेवर होतं. आता कुठून आणणार? द्या, वहिनी, साचा."

माई तळघरात उतरल्या आणि कापडात गुंडाळलेला एक गोळा घेऊन आल्या. काटेवाल्यांनी ज्यासाठी शेवटचे स्टूल ओढले, तो. दर आठवड्याला त्या त्याला मीठ चोळत, उलटवून ठेवत. सुरी लावलेली नव्हती.

"माई, तो नको ना," सून म्हणाली.

"का? कापायलाच केला होता."

त्यांनी तो कापला, खिडकीजवळच्या स्टुलावर बसल्या, आणि या वेळी रुमाल लांब ठेवला. पहिल्या घासाला काही झाले नाही. मग कान पेटले, नाक वाहू लागले, आणि अशी उचकी लागली की ताटल्या वाजल्या.

"पाणी देऊ?" सुनेने विचारले.

"मागितलंय का मी? भांडी... घासायची नाहीत मला!"

डोळे पुसत त्यांनी आपला चुरा चाखला. एक चिमूट घातली. जुना तुकडा, नवा चुरा. आणखी अर्धी चिमूट. जुन्याचे तिखट आधी जिभेच्या टोकाला चावत होते आणि बऱ्याच वेळाने घशाच्या तळाशी जाऊन बसत होते. नवे तस्सेच बसेपर्यंत त्या उचक्या देत खात राहिल्या.

मग चमचा नणंदेपुढे धरला. नणंदबाईंनी दोन्ही चाखले. डोळे मिटून घेतले. मग साचा नळाखाली धुऊन त्यांनी माईंसमोर ठेवला.

"भरा. चुरा वाळतोय." घसा खाकरून त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, जरा पाणी दे गं."

"वन्सं," माई म्हणाल्या, "भांडी मोरीत आहेत."

नणंदबाई कुरकुरत बाह्या वर करून मोरीकडे वळल्या. माईंच्या भांगातून घामाची एक धार निघून कानापर्यंत आली होती. त्यांनी ती पुसली नाही. चुरा साच्यात दाबून भरला, वर वजन ठेवले. मग उठून स्टूल ओढत शेगडीजवळ नेले, आणि तिथेच राहू दिले.