डाव्या हाताचं बटण

मी पत्रा ठोकून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसचं डावं बटण बोलतोय. चिंचवडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये माझी नेमणूक आहे. मी आणि माझा उजवा भाऊ, दोघंही दाबले गेलो तरच प्रेस खाली येते. म्हणजे कामगाराचे दोन्ही हात आमच्यावर, साच्याबाहेर. एवढं साधं काम. पण १९८१ साली आम्हाला कॉम्प्युटरचं डोकं बसवलं आणि विद्वानांचे पाय शेडला लागले.

विद्यापीठातले डॉ. वर्टीकर आले. प्रोग्रॅम बिनचूक आहे हे ते गणितानं सिद्ध करणार होते. वर्षभर त्यांनी फळे पांढरे केले. प्रेसला मात्र बोट लावलं नाही. तेलाचे डाग पडतात ना! अशा माणसांची मला कीव येते. कीव कसली, किळसच येते.

त्यांची विद्यार्थिनी परवीन, कासारवाडीच्या गॅरेजवाल्या लालमहंमदची लेक, तेवढी मला दाबून बघायची. एकदा तिनं विचारलं, "सर, बटण दाबलं गेलं एवढंच आपण धरलंय. ते हातानंच दाबलं, हे कुठं सिद्ध केलंय?"

"मग काय भूत दाबणार?" सर हसले. मालक बबनरावही हसले. सर हसले की हसायचं, एवढंच त्यांना त्यातलं कळत होतं.

खंडेनवमीला सर आणि परवीनसमोर यंत्रांची पूजा झाली. हार घालून झाल्यावर बबनरावांना नारळ ठेवायला जागा सापडेना. त्यांनी तो माझ्या भोवतीच्या कड्यात गच्च दाबून बसवला. मी आत गेलो तो गेलोच.

"खंडू, मुहूर्ताचा एक नग काढ," ते म्हणाले.

ऑपरेटर खंडू डाव्या हातानं साच्यातला पत्रा सरळ करत होता. उजवा हात सवयीनं माझ्या भावावर पडला. एकट्या बटणानं आजवर कधी काही झालं नव्हतं. परवीन "नारळ काढा!" म्हणून ओरडेपर्यंत प्रेस खाली आली. तीन बोटं गेली.

सर घाम पुसत म्हणाले, "प्रोग्रॅमची चूक नाही." खरंच होतं ते. थू!

खंडूची बायको सरूबाई धावत आली. "मंग माझ्या मालकाची बोटं कुनी नेली?"

सर गाडीकडे बघायला लागले. परवीननं तिला धरलं. "आम्ही, वहिनी."

सिद्धतेवरून आपलं नाव काढायला तिनं त्याच दिवशी सांगितलं. सरांना ते सोयीचंच पडलं.

खंडू अजून याच प्रेसवर आहे. दुसरीकडे त्याला कोण घेणार? उरलेल्या तळव्यानं तो मला दाबतो. वाचकहो, तुम्हाला कुणी ऐटीत "सिद्ध झालंय" म्हणालं, तर त्याला इथं पाठवा. खंडूशी हात मिळवू दे. डावा.